आईची वजनाची वही आणि ट्रिपचा विमा

बुकिंग केलं त्या रात्री पेमेंटच्या पानावर अगदी खाली एक चौकोन होता, 'प्रवास विमा हवा'. नवरा म्हणाला, "टिक कर आणि मोकळी हो." मी नाही केली. त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं. अकरा वाजून गेले होते, डोळे मिटत होते, आणि विमा म्हटलं की मला आठवतं ते हरवलेलं सामान. आमचं सामान कधी हरवत नाही. आम्ही नेतोच इतकं की ते हरवायलाही कुणीतरी आधी उचलायला हवं.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ट्रिपचं ऐकून खूश झाली आणि बोलता बोलता म्हणाली, "आठ महिन्यांनी ना? बघ बाई, आईंचं तेव्हा कसं असेल."

आई 76 वर्षांची. दादाकडे राहते. तिच्या हार्टचं पंपिंग 35 टक्के आहे. म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला एवढंच बाहेर पडतं. धडधाकट माणसाचं हे प्रमाण 50 ते 70 टक्के असतं. रोजचं तिचं चालतं सगळं, पण शरीरात पाणी साठलं की पायावर सूज येते आणि धाप लागते. म्हणून रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, वजन करून वहीत लिहायचं हा डॉक्टरांचा नियम. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. ती वही म्हणजे कुठलीतरी जुनी दोन रेघी आहे, आणि त्यात आईचं गोल गोल अक्षर.

ट्रिपला आई येणार नव्हती. त्यामुळे तिचा आणि आमच्या विम्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ती ऍडमिट झाली तर मी जाणार आहे का? नाही. मग ट्रिप रद्द होण्याचं आमच्या घरातलं सगळ्यात मोठं कारण तीच होती, आणि बाकी सामान, उशिराचं विमान, हरवलेला पासपोर्ट ही सगळी नंतरची.

आधी तो चौकोनवाला विमा उघडून पाहिला. चाळीसेक पानं. 'रद्द करणं' या मथळ्याखाली फक्त प्रवास करणाऱ्याचा स्वतःचा आजार होता. घरी राहिलेल्या माणसाचं नावच नाही. बरं झालं टिक केली नव्हती. दुसऱ्या एका पॉलिसीत 'जवळचे कुटुंबीय' होते आणि त्यांची यादीही होती : नवरा-बायको, मुलं, आईवडील, सासू-सासरे, भावंडं. काका, मावशी, आत्या नाहीत. ही यादी पॉलिसीगणिक बदलते, त्यामुळे ज्या मावशीने वाढवलं तिच्यासाठी विमा घ्यायचा असेल तर आधी यादीत मावशी शोधावी आणि मगच पुढची पानं वाचावीत.

आईवडील यादीत दिसले म्हणून मी निर्धास्त झाले होते. पण वीसेक पानं पुढे, काय मिळणार नाही ते सांगणाऱ्या भागात, एक वाक्य होतं. आधीपासून असलेल्या आजारामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे मिळणार नाहीत, आणि तो आजार 'विमा घेणाऱ्याचा असो वा त्याच्या कुटुंबीयाचा'. माझा समज असा होता की आधीपासूनच्या आजाराची भानगड प्रवास करणाऱ्यापुरती. तसं नाही. एका हाताने आईला यादीत घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने बाहेर काढलं होतं.

फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलत होती.

"हो मॅडम, फॅमिली मेंबर ऍडमिट झाले तर कव्हर आहे."

"आजार आधीपासूनचा असेल तरी?"

थोडं थांबून, "हो मॅडम, कव्हर आहे."

"हेच मेलवर लिहून द्याल?"

मेल दोन दिवसांनी आली. त्यात एकच ओळ कामाची होती, 'पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून'. म्हणजे फोनवरचं 'हो' मेलवर येईपर्यंत विरघळलं. तेव्हापासून विम्याबद्दल फोनवर कुणी काही सांगितलं की मी पहिला प्रश्न 'कुठल्या पानावर?' हा विचारते.

मग कळलं की आधीपासूनच्या आजाराला सगळेच सरसकट नाही म्हणत नाहीत. काही पॉलिसी मागे वळून ठरावीक दिवस बघतात, कुणी 60, कुणी 90, कुणी 180. विमा घेतल्या दिवसापासून मागे मोजायचं. तेवढ्या दिवसांत आजार स्थिर असेल तर तो त्यांच्या लेखी आधीपासूनचा आजारच नाही. काही पॉलिसींत याहून चांगली सवलत असते. ट्रिपचे पहिले पैसे भरल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुतेक 14 ते 21, विमा घेतला, परत न मिळणारी सगळी रक्कम त्यात धरली आणि त्या दिवशी आपण स्वतः प्रवास करण्याइतके ठणठणीत असलो, तर आधीपासूनच्या आजाराची अटच गळून पडते. हे मी वाचलं तेव्हा पहिला हप्ता भरून 23 दिवस झाले होते. 'बघू सावकाश' म्हणत काढलेले ते तीन आठवडे. कुठल्याही कारणासाठी रद्द करता येईल असा एक महागडा प्रकारही असतो. त्यात 50 ते 75 टक्के पैसेच परत मिळतात आणि निघण्याच्या निदान 48 तास आधी रद्द करावं लागतं. पण तोही बहुधा याच सुरुवातीच्या दिवसांत घ्यावा लागतो. तीही गाडी सुटलेली.

राहिली 90 दिवस मागे बघणारी पॉलिसी. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "एकदम स्टेबल आहेत." मी आनंदाने घरी आले आणि 'स्थिर' या शब्दाची व्याख्या वाचली. ऍडमिट नाही, नवीन लक्षण नाही, राहिलेली तपासणी नाही, आणि औषधात किंवा त्याच्या डोसात बदल नाही. आईची लघवीची गोळी आधीच्या चेकअपला 20 मिलिग्रॅमवरून 40 झाली होती. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. ते हसले. "अहो, ती गोळी आम्ही कमीजास्त करतच असतो. म्हणून तर त्या स्टेबल आहेत."

डोस वेळेवर बदलत राहतो म्हणून डॉक्टरांच्या लेखी आई स्थिर, आणि डोस बदलला म्हणूनच विमेवाल्यांच्या लेखी नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते.

रविवारी दादाकडे गेले होते. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि बोटाने दिवस मोजले. गोळी बदलून 71 दिवस झाले होते. 90 व्हायला 19 हवेत. आई शेजारीच बसली होती, गोळ्यांच्या स्ट्रिपा कात्रीने कापून डबीत भरत होती. "काय मोजतेस गं?" म्हणाली. मी सांगून टाकलं. अजून 19 दिवस तुझी गोळी बदलली नाही की मग विमा घेता येईल.

"म्हणजे माझ्या गोळीवर तुमची ट्रिप अडलीय?"

सगळे हसलो. मीही हसले.

त्या 19 दिवसांत एक गोम होती, ती रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आली. थांबायचं तर तेवढे दिवस विमाच नाही. मध्येच आईला काही झालं तर हातात काही नाही, आणि ते झाल्यावर विमा घ्यायला गेलं तर ती 'माहीत असलेली घटना'. विमा अनपेक्षित गोष्टीचाच असतो, आणि काय अपेक्षित होतं हे पॉलिसी घेतल्या तारखेला आपल्याला काय ठाऊक होतं त्यावरून ठरतं.

मी थांबले नाही. तिसरा मार्ग काढला. आजार आधीच सांगून टाकायचा, जे विचारतील त्याची उत्तरं द्यायची, आणि ते लेखी हो म्हणाले तर जास्तीचा प्रीमियम भरायचा. सगळ्या कंपन्या प्रवास न करणाऱ्या माणसासाठी हे करत नाहीत. जिने केलं तिने फोनवर मला 25 मिनिटं प्रश्न विचारले. वर्षभरात किती वेळा ऍडमिट? किती औषधं? जिना चढताना धाप लागते का? कुठल्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे का? आई पलीकडून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "माझ्या मरणाचा विमा काढतेस का गं?" मी म्हटलं, "तुझ्या नाही, माझ्या सुट्टीचा." तिला ते पटलं नाही, पण चष्मा लावून फाइल मात्र काढून दिली.

गोळी बदलल्याचं सांगायचं की नाही यावरून घरात खडाजंगी झाली. नवऱ्याचं म्हणणं, विचारलं नाही तर कशाला सांगायचं? माझा भाचा वकिलीचं शिकतोय, त्याने एक जुना खटला सांगितला. सुमात्रामधल्या फोर्ट मार्लबरो या इंग्रजांच्या किल्ल्याचा, तो शत्रूच्या हाती पडला तर पैसे मिळावेत असा विमा उतरवला होता. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला आणि विमेवाला म्हणाला, किल्ला कच्चा आहे हे मला सांगितलंच नाही. 1766 साली लॉर्ड मॅन्सफिल्डनी निकाल दिला. विमा उतरवणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेलं महत्त्वाचं लपवू नये, हे तत्त्व त्या निकालापासून मानलं जातं. गंमत अशी की खटला जिंकला तो विमा उतरवणाराच. विमेवाल्याला जे ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला कुरकुर करता येणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले. नवरा म्हणाला, "बघ!" मी म्हटलं, "आपल्याकडे मॅन्सफिल्ड नाहीत." आणि गोळीचं सांगितलं, तारखेसकट.

आठवड्याने पत्र आलं. त्यात आईच्या आजाराचं नाव, गोळीचा बदल, आणि 'मान्य' हा शब्द. ते छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. पॉलिसी परत करायची मुदत असते थोड्या दिवसांची, तेवढ्यात सगळी पानं पुन्हा वाचली. तारखाही तपासल्या. वर्षभराची पॉलिसी घेणारे कधीकधी ती निघायच्या दिवसापासून सुरू करतात, आणि मग त्याआधी ट्रिप रद्द झाली तर विमा चालूच झालेला नसतो. माझी एका ट्रिपचीच होती आणि रद्द होण्याचं कव्हर काढल्या दिवसापासून होतं, पण तरी बघितलं.

एक काम मात्र याहून सोपं आणि स्वस्त निघालं. हॉटेलांची बुकिंगं मोडून रद्द करता येतील अशी घेतली, थोडी महाग पडली. परत मिळणाऱ्या पैशांचा विमा कुणी देत नाही, त्यामुळे विम्याची रक्कमही कमी झाली. हे मी आधी करायला हवं होतं.

मधले सहा महिने काहीच झालं नाही.

निघायला नऊ दिवस असताना पहाटे वहिनीचा फोन आला. आईला आडवं होता येत नव्हतं, रात्रभर बसून होती. सकाळी सात वाजता ऍडमिट. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, पुढचे दोन आठवडे काही सांगता येत नाही, तुम्ही जाऊ नका.

आणि इथे मी चूक केली. एवढं सगळं वाचलेलं असून केली. आमच्या ट्रिपवाल्यांची रद्द करण्याची शिडी अशी होती : निघायला आठ दिवस किंवा जास्त असतील तर पाऊण रक्कम जाते, सात किंवा कमी असतील तर सगळी. दादा म्हणाला, "दोन दिवस थांब, उतरेल सूज." नवऱ्याला मुलांचे चेहरे बघवत नव्हते. मलाही कुठेतरी वाटत होतं की आई बरी होईल आणि आम्ही जाऊ. मी सहा दिवस उरले असताना रद्द केलं. पॉलिसीत स्वच्छ लिहिलं होतं की रद्द करावं लागणार हे कळलं की ताबडतोब करा. उशिरामुळे वाढलेला भुर्दंड आम्ही देणार नाही. ते वाक्य मी पिवळ्या पेनाने रंगवलेलंही होतं.

विमानवाल्यांनी व्हाउचर देऊ केलं. घ्यायचा मोह झाला, पण व्हाउचर घेतलं की तेवढी भरपाई मिळाली असं धरून क्लेममधून वजा करतात. नाही म्हटलं. तिकिटावरचे काही कर मात्र मागितल्यावर परत आले, तेही क्लेममध्ये दाखवले.

बाकी कागदांचं फार सांगत नाही. रद्द केल्याची पावती, त्यावर 'परतावा शून्य' लिहिलेलं हवं. आई ही आई असल्याचा पुरावा म्हणून माझा जन्मदाखला. डिस्चार्जचा कागद. आणि डॉक्टरांचा फॉर्म, ज्याने मला खरा घाम फोडला. त्यात प्रश्न होता, विमा घेतला त्या दिवशी असं काही घडेल अशी अपेक्षा होती का? वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरांनी घाईत 'जुना आजार, अपेक्षित' असं लिहायला घेतलं होतं. बिचाऱ्यांची काही चूक नाही, त्यांनी आईला चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. मी हात जोडून म्हटलं, ज्यांनी तिला त्या महिन्यात तपासलं होतं त्यांनाच हे भरू द्या. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी केसपेपर काढून पाहिले आणि लिहिलं, 'त्या तारखेला तब्येत नियंत्रणात, ऍडमिट करण्याचं कारण नव्हतं.' मला जाऊ नका असं कुठल्या तारखेला सांगितलं तेही मोठ्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं, आणि अर्थातच तीच तारीख माझ्या अंगाशी आली.

क्लेमला सात आठवडे लागले. मध्ये एक चौकशी आली, आजार आधीपासूनचा दिसतो, खुलासा करा. फोल्डरमधल्या 'मान्य' पत्राची प्रत पाठवली. पुन्हा कुणी काही विचारलं नाही. पैसे आले ते नऊ दिवस आधी रद्द केलं असतं तर जेवढे गेले असते तेवढे, म्हणजे पाऊण, आणि त्यातून आपण सोसायचा ठरलेला पहिला वाटा वजा. उरलेला पाव हिस्सा माझ्या तीन दिवसांच्या आशेचा.

आई घरी आली होती. क्लेमला जोडायला उपयोगी पडेल म्हणून मी तिची वजनाची वही मागून आणली होती. रात्री पानं चाळताना ऍडमिट व्हायच्या आधीचा आठवडा बघितला. 61.4. 61.4. 61.4. 61.4. लागोपाठ चार दिवस तोच आकडा, तेच गोल अक्षर. वर्षभराच्या वहीत दुसरीकडे कुठेही सलग दोन दिवस वजन सारखं नव्हतं, शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे असायचंच. आणि हॉस्पिटलमध्ये घेतलं तेव्हा काटा 65च्या जवळ होता.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे वही ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाढलं लिहिलं असतं तर यांनी फोन केला असता. डॉक्टरांनी गोळी बदलली असती. तुझे ते दिवस मोडले असते."

"कुठले दिवस?"

"ते कॅलेंडरवरचे. एकोणीस."

ते दिवस मोजून सात महिने होऊन गेले होते. दुसरी पॉलिसी घेतली, आता गोळी कितीही वेळा बदलली तरी विम्याला फरक पडत नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं, दादाला सांगितलं, भाच्याला सांगितलं. आईला सांगायचं राहिलं होतं. सूज दिसू नये म्हणून तिने आठवडाभर घरात मोजे घातले होते. वहिनीने विचारलं तर म्हणाली होती, थंडी वाजते.

वही मी क्लेमला जोडली नाही. कुणी मागितलीही नव्हती.

आता वजन वहिनी लिहिते. आई काट्यावर उभी राहून आकडा मोठ्याने वाचते, आणि वहिनी खाली वाकून तो पुन्हा स्वतः बघते.